पीएसक्यूएलचा प्रॉम्प्ट आणि सुरुवातीची फाइल: आपल्या कामाला साजेशी मांडणी

पोस्टग्रेस या डेटाबेस प्रणालीला आज्ञा टाइप करून देण्याचं साधन म्हणजे पीएसक्यूएल. ते उघडलं की समोर प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञेची वाट पाहणारी ओळ येते; तिच्यात डेटाबेसचं नाव, एक बरोबरीचं चिन्ह आणि एक बाण दिसतो: दुकान=>. चाचणीच्या सर्व्हरवरही डेटाबेस 'दुकान' आणि गिऱ्हाइकांची खरी बिलं असलेल्या सर्व्हरवरही 'दुकान'. दोन खिडक्या शेजारी उघडल्या की दोन्हींत हुबेहूब तीच ओळ असते. डिलीट लिहून एंटर दाबताना आपण कुठे आहोत, हे फक्त आठवणीच्या भरवशावर उरतं. प्रॉम्प्ट बदलायचा तो यासाठी. रंग, चिन्हं, स्वागताच्या ओळी हे सगळं त्यानंतर.

यात एक प्रश्न सतत विचारत राहायला हवा: समोर दिसणारी माहिती आत्ताची आहे, की पीएसक्यूएल उघडलं तेव्हाची? प्रॉम्प्टचे काही भाग दर वेळी नव्याने काढले जातात, काही पहिल्या क्षणीच गोठतात. हा फरक न कळता केलेला प्रॉम्प्ट मूळच्या साध्या प्रॉम्प्टपेक्षा जास्त धोक्याचा, कारण त्याच्यावर आपण विश्वास टाकतो.

वाचण्याआधी एक सूचना. या लेखात आज्ञा उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना तीच अक्षरं आणि आकडे रोमनमध्ये द्यायचे, विरामचिन्हं जशीच्या तशी. बॅकस्लॅशने सुरू होणाऱ्या आज्ञा सगळ्या स्मॉल अक्षरांत. पीएसक्यूएलची स्वतःची व्हेरिएबल, म्हणजे प्रॉम्प्ट१, हिस्टफाइल, ऑटोकमिट वगैरे, सगळी कॅपिटलमध्ये. इथे चूक झाली तर पीएसक्यूएल तक्रार करत नाही. स्मॉल अक्षरांत ऑटोकमिट लिहिलंत तर त्या नावाचं एक नवं, निरुपयोगी व्हेरिएबल तयार होतं आणि खरं व्हेरिएबल होतं तसंच राहतं. टक्क्याच्या खुणेनंतरचं अक्षर स्मॉल की कॅपिटल, हे जिथल्या तिथे सांगितलं आहे.

फाइल कुठे ठेवायची

लिनक्स आणि मॅकवर होम डिरेक्टरीत .पीएसक्यूएलआरसी नावाची फाइल तयार करा. सुरुवातीचा टिंब विसरू नका. विंडोजवर ती अ‍ॅपडेटामधल्या पोस्टग्रेएसक्यूएल फोल्डरमध्ये पीएसक्यूएलआरसी.कॉन्फ या नावाने ठेवायची. फाइल दुसरीकडे ठेवायची असेल तर पीएसक्यूएलआरसी याच नावाच्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये तिचा पत्ता द्या. एकाच मशीनवर वेगवेगळ्या आवृत्त्यांचे पीएसक्यूएल असतील तर फाइलच्या नावापुढे डॅश देऊन आवृत्तीचा आकडा जोडता येतो, जसं .पीएसक्यूएलआरसी-१६. त्या आवृत्तीचं पीएसक्यूएल मग साध्या फाइलऐवजी हीच फाइल घेतं.

ही फाइल सर्व्हरशी जोडणी झाल्यानंतर, पण पहिला प्रॉम्प्ट दिसण्याआधी वाचली जाते. म्हणजे तिच्यात क्वेरीसुद्धा चालवता येते. पुढे याचा बराच उपयोग होणार आहे.

पहिली ओळ आणि शेवटची ओळ आधी लिहून टाका:

\सेट क्वायट १
\अनसेट क्वायट

बाकी सगळं या दोन ओळींच्या मध्ये. नाहीतर पीएसक्यूएल उघडताना प्रत्येक सेटिंगची पोच पडद्यावर येत राहते.

प्रॉम्प्ट१: कुठे, कोण, कोणत्या अवस्थेत

पीएसक्यूएलचे प्रॉम्प्ट तीन. प्रॉम्प्ट१ नेहमीचा. प्रॉम्प्ट२ क्वेरी अर्धवट असताना दिसतो. प्रॉम्प्ट३ कॉपी आज्ञेला कीबोर्डवरून माहिती देताना येतो. त्याला हात लावायची गरज मला कधी वाटली नाही. पहिल्यापासून सुरुवात करू:

\सेट प्रॉम्प्ट१ '%एन@%एम:%> %/%आर%एक्स%# '

इथे एन स्मॉल, एम कॅपिटल, आर कॅपिटल, एक्स स्मॉल. शेवटच्या अवतरणचिन्हाआधीची मोकळी जागा मुद्दाम आहे. ती नसेल तर तुमची क्वेरी प्रॉम्प्टला चिकटते. ही ओळ दिली की असं काहीतरी दिसेल: अहवाल@डीबी.लाइव्ह.दुकान:५४३२ दुकान=>

आता एकेक खूण. स्मॉल एन म्हणजे कोणत्या युजरने जोडणी केली. तिरप्या रेषेची खूण म्हणजे चालू डेटाबेस, बाणाची म्हणजे पोर्ट. शेवटची हॅशची खूण सुपरयुजर असलात तर # दाखवते, नाहीतर >. ही एवढीशी खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे, कारण सुपरयुजरला टेबलावरच्या परवानग्या अडवत नाहीत.

सर्व्हरच्या नावासाठी दोन खुणा आहेत. कॅपिटल एम पूर्ण नाव दाखवते, स्मॉल एम पहिल्या टिंबाशी नाव तोडते. स्मॉल एम दिसायला सुटसुटीत, पण सर्व्हरची नावं 'डीबी.चाचणी.दुकान' आणि 'डीबी.लाइव्ह.दुकान' अशी असतील तर दोन्हीकडे नुसतं 'डीबी' दिसेल. ज्या भागाने फरक कळतो नेमका तोच गळून जातो. म्हणून कॅपिटल एमच घ्या, ओळ लांबली तरी चालेल. त्याच मशीनवरच्या सॉकेटने जोडलं असेल तर नावाच्या जागी [लोकल] येतं.

सर्व्हर नजरेसमोर असण्याचं मोल किती, याचं उदाहरण जगजाहीर आहे. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅबच्या एका अभियंत्याला दुय्यम डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी काढायची होती. आज्ञा चालली ती मुख्य सर्व्हरवर. लक्षात येऊन थांबवेपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती पुसली गेली होती, आणि बॅकअपमधून उभं केल्यावरही जवळपास ६ तासांतले बदल परत मिळाले नाहीत. आज्ञा शेलमधली, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमला दिलेली होती, पीएसक्यूएलमधली नव्हे. पण कंपनीने नंतर जाहीर केलेल्या सुधारणांमध्ये सगळ्या सर्व्हरांचे शेल प्रॉम्प्ट ठळकपणे वेगळे दिसावेत, हे काम होतंच. शेलला जे लागू, ते पीएसक्यूएललाही.

स्मॉल एक्सची खूण मला सगळ्यांत मोलाची वाटते. ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्र पक्का किंवा रद्द होणारा आज्ञांचा गट, चालू नसेल तर ही खूण काहीच दाखवत नाही. बिगिन दिलंत की तारा येतो: दुकान=*>. ट्रान्झॅक्शनमध्ये एखादी क्वेरी फसली की ताऱ्याच्या जागी उद्गारचिन्ह: दुकान=!>. जेवायला उठण्याआधी तारा दिसला तर समजायचं की कमिट (बदल पक्के करणं) किंवा रोलबॅक (ते रद्द करणं) बाकी आहे, तुम्ही बदललेल्या ओळी लॉकमध्ये अडकल्या आहेत आणि त्याच ओळी बदलायला आलेले इतर लोक खोळंबणार आहेत. २०२० मध्ये आलेल्या १३व्या आवृत्तीपासून ही खूण मूळच्या प्रॉम्प्टमध्येच आहे. जुनं पीएसक्यूएल वापरत असाल तर ती हाताने घाला.

आत्तापर्यंतच्या सगळ्या खुणा दर प्रॉम्प्टला नव्याने काढल्या जातात. बॅकस्लॅश-सी देऊन दुसऱ्या डेटाबेसवर किंवा सर्व्हरवर गेलात तरी त्या लगेच बदलतात. त्यांच्यावर निर्धास्त विसंबा.

प्रॉम्प्ट२ अडकलेल्यांसाठी

नवशिके पीएसक्यूएलमध्ये हमखास अडकतात ते इथे. क्वेरी लिहिली, एंटर दाबलं, काहीच घडत नाही. पुन्हा एंटर, तरी काही नाही. कारण मूळच्या प्रॉम्प्ट२मध्येच दिसत असतं, पण तिकडे पाहायचं असतं हे कुणी सांगितलेलं नसतं. दुकान-> दिसलं तर शेवटचा अर्धविराम राहिला आहे. दुकान'> दिसलं तर एकेरी अवतरणचिन्ह उघडंच आहे, आणि अशा वेळी कितीही अर्धविराम दिले तरी ते अवतरणाच्या आतच जमा होतात. दुकान(> म्हणजे कंस बंद व्हायचा आहे. आडव्या रेघेच्या जागी तारा दिसला तर टिप्पणी बंद झालेली नाही. कंट्रोल-सी दाबलं की अर्धवट लिहिलेलं पुसून पुन्हा पहिला प्रॉम्प्ट मिळतो.

हे चिन्ह दाखवण्याचं काम कॅपिटल आर करते. म्हणून प्रॉम्प्ट२ कितीही छोटा केलात तरी ती काढू नका:

\सेट प्रॉम्प्ट२ '%आर%एक्स> '

रंग, आणि सर्व्हरलाच त्याचं नाव विचारणं

कॅपिटल एमलाही एक मर्यादा आहे. बरेच जण लाइव्ह सर्व्हरपर्यंत एसएसएच टनेलमधून, म्हणजे आपल्याच मशीनवरच्या एका पोर्टातून पलीकडे नेणाऱ्या सुरक्षित वाटेने, पोचतात. तेव्हा पीएसक्यूएलच्या लेखी सर्व्हर म्हणजे 'लोकलहोस्ट', चाचणीचाही आणि खराही. फरक राहतो तो फक्त पोर्टच्या आकड्यात, आणि घाईत आकड्याकडे कुणाचंच लक्ष नसतं.

यावर खात्रीचा उपाय म्हणजे सर्व्हरनेच आपण कोण ते सांगावं. पोस्टग्रेसच्या सेटिंगमध्ये क्लस्टर_नेम नावाची एक जागा आहे, आवृत्ती ९.५पासून. ती मुळात रिकामी असते. प्रत्येक सर्व्हरच्या पोस्टग्रेएसक्यूएल.कॉन्फ फाइलमध्ये तिथे 'चाचणी' किंवा 'लाइव्ह' असं रोमनमध्ये लिहून ठेवा. बदल लागू व्हायला सर्व्हर रीस्टार्ट करावा लागतो, म्हणून लाइव्ह सर्व्हरच्या ठरलेल्या देखभालीच्या वेळेतच हे काम उरका. मग .पीएसक्यूएलआरसीमध्ये:

सिलेक्ट करंट_सेटिंग('क्लस्टर_नेम') अ‍ॅज क्लस्टर, करंट_सेटिंग('क्लस्टर_नेम') = 'चाचणी' अ‍ॅज चाचणी_का \जीसेट
\इफ :चाचणी_का
\सेट प्रॉम्प्ट१ '%[%०३३[१;३२एम%]%:क्लस्टर:%[%०३३[०एम%] %एन@%एम:%> %/%आर%एक्स%# '
\एल्स
\सेट प्रॉम्प्ट१ '%[%०३३[१;३७;४१एम%] %:क्लस्टर: %[%०३३[०एम%] %एन@%एम:%> %/%आर%एक्स%# '
\एंडइफ

रंगाच्या आकड्यांमागचा एम स्मॉल, @ नंतरचा एम कॅपिटल. ३२ म्हणजे हिरवी अक्षरं. ३७ आणि ४१ म्हणजे लाल पट्ट्यावर पांढरी. बॅकस्लॅश-जीसेट क्वेरीचं उत्तर त्या-त्या स्तंभाच्या नावाच्या व्हेरिएबलमध्ये ठेवतं, आणि %:क्लस्टर: ते प्रॉम्प्टमध्ये आणतं. इफ-एल्सची सोय १०व्या आवृत्तीपासून आहे.

अट कशी लिहिली आहे तेही पाहा. 'लाइव्ह असेल तर लाल' असं लिहायचा मोह होतो, पण तो टाळा. सर्व्हरवर नाव लिहायचं राहून गेलं, किंवा काही कारणाने क्वेरीच फसली, तर त्या मांडणीत प्रॉम्प्ट हिरवा दिसेल. वरच्या मांडणीत 'हा चाचणीचाच सर्व्हर' असं सिद्ध झालं तरच हिरवा. उत्तर रिकामं आलं, अनपेक्षित आलं किंवा आलंच नाही, तरी लाल. खबरदारी चुकलीच तर ती जास्तीच्या बाजूला चुकावी.

%[ आणि %] ही जोडी सोडू नका. रंगाची चिन्हं पडद्यावर जागा घेत नाहीत, हे ती लाइन एडिटरला सांगते. ती नसली तर लांब क्वेरी वळून त्याच ओळीवर चढते, आणि बाणाने मागे जाऊन दुरुस्त करताना भलतंच अक्षर पुसलं जातं.

आता या मांडणीतली मेख. क्लस्टरचं नाव आणि रंग दोन्ही गोठलेले आहेत. .पीएसक्यूएलआरसी एकदाच वाचली जाते. तुम्ही चाचणीवर सुरुवात केलीत आणि बॅकस्लॅश-सी देऊन लाइव्हवर गेलात, तरी प्रॉम्प्ट हिरवाच राहील. ओरॅकलच्या एसक्यूएलप्लसमध्ये १०जीपासून सुरुवातीची फाइल प्रत्येक कनेक्टनंतर पुन्हा चालते, त्यामुळे तिकडून आलेल्यांना इथे चकायला होतं. मी पाळतो तो नियम साधा: डेटाबेस बदलायला बॅकस्लॅश-सी चालेल, सर्व्हर बदलायला नाही. सर्व्हर बदलायचा तर बॅकस्लॅश-क्यूने बाहेर पडायचं आणि नव्याने शिरायचं. अगदीच गरज पडली तर सर्व्हर बदलल्यावर फाइल हाताने पुन्हा वाचायला लावा:

\आय ~/.पीएसक्यूएलआरसी

रंगाबरोबर कॅपिटल एमही ठेवली आहे ती याच कारणासाठी. रंग शिळा झाला तरी टनेल नसेल तेव्हा नाव खरं सांगतं.

प्रॉम्प्टमध्ये बॅकटिकच्या आत शेलची आज्ञाही घालता येते. ती मात्र प्रत्येक प्रॉम्प्टला नव्याने चालते. नेटवर्कवरून काही आणणारी आज्ञा तिथे घातलीत तर दर एंटरनंतर वाट पाहावी लागेल.

बाकीची सेटिंग

\पीसेट नल '∅'
\एक्स ऑटो
\टायमिंग ऑन
\सेट कॉम्प_कीवर्ड_केस अपर
\सेट ऑन_एरर_रोलबॅक इंटरॅक्टिव्ह

पहिली ओळ आजच घाला. मुळात नल (म्हणजे किंमतच नाही) आणि रिकामी स्ट्रिंग दोन्ही पडद्यावर सारखीच कोरी दिसतात, आणि त्या गोंधळापायी माणूस भलत्याच क्वेरीत चूक शोधत बसतो. दुसरी ओळ, टेबल पडद्याबाहेर जात असेल तेव्हा प्रत्येक स्तंभ वेगळ्या ओळीवर मांडते. तिसरी वेळ मोजते. चौथीमुळे टॅब दाबून पूर्ण होणारे शब्द कॅपिटलमध्ये येतात, आवडीनिवडीचा प्रश्न.

पाचवीबद्दल थोडं अधिक. ट्रान्झॅक्शनमध्ये एक टायपिंगची चूक झाली तरी पोस्टग्रेस पुढचं सगळं नाकारतं आणि रोलबॅक मागतं. हे सेटिंग ट्रान्झॅक्शनमधल्या प्रत्येक आज्ञेआधी गुपचूप सेव्हपॉइंट, म्हणजे परत येण्याची खूण, टाकतं, त्यामुळे फक्त चुकलेली आज्ञा मागे जाते. 'इंटरॅक्टिव्ह'च लिहा, 'ऑन' नको. स्क्रिप्टमध्ये मधली आज्ञा फसून पुढच्या चालत राहणं बहुतेक वेळा नकोच असतं. हे चालू असताना प्रॉम्प्टमधलं उद्गारचिन्ह क्वचितच दिसेल, तारा मात्र तसाच राहील.

ऑटोकमिट ऑफ करावं का? ते एसक्यूएलच्या प्रमाणित वागणुकीला जवळचं आहे, आणि अनेक अनुभवी मंडळी करतातही. मी करत नाही. साध्या सिलेक्टनेही ट्रान्झॅक्शन उघडतं, खिडकी तशीच राहते, आणि दिवसभर उघड्या राहिलेल्या ट्रान्झॅक्शनमुळे व्हॅक्यूमला, म्हणजे पोस्टग्रेसच्या सफाईच्या कामाला, जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. धोक्याचं काम असेल तेव्हा स्वतः बिगिन लिहावं आणि तारा पाहूनच पुढे जावं. तरी तुम्हाला ऑफच हवं असेल तर ती ओळ वरच्या सिलेक्टच्या खाली ठेवा, नाहीतर पहिल्याच प्रॉम्प्टला तारा घेऊन सुरुवात होईल.

इतिहासाची फाइल डेटाबेसनुसार वेगळी करता येते:

\सेट हिस्टफाइल ~/.पीएसक्यूएल_हिस्टरी-:डीबीनेम
\सेट हिस्टकंट्रोल इग्नोअरबोथ

त्यामुळे एका डेटाबेसवर चालवलेलं डिलीट वरचा बाण दाबताना दुसऱ्या डेटाबेसवर समोर येत नाही. डीबीनेम कॅपिटलमध्ये. नावात होस्टही जोडावंसं वाटेल, पण सॉकेटने जोडलेलं असताना होस्टमध्ये डिरेक्टरीचा पत्ता असतो आणि फाइलचं नाव बिघडतं. दुसऱ्या ओळीमुळे स्पेस देऊन सुरू केलेली ओळ इतिहासात जात नाही. पासवर्ड बदलायला मात्र बॅकस्लॅश-पासवर्डच वापरा. अल्टर यूजरमध्ये लिहिलेला पासवर्ड इतिहासाच्या फाइलमध्ये उघडा पडून राहतो.

नेहमीच्या क्वेरी हाताशी

व्हेरिएबलमध्ये अख्खी क्वेरी ठेवता येते आणि कोलन लावून चालवता येते. इथे मराठी माणसाला एक खास सोय आहे: व्हेरिएबलच्या नावात रोमनेतर अक्षरं चालतात. म्हणजे पुढचं 'अडलेले' हे नाव खरोखर देवनागरीत टाइप करायचं, बाकीचं नेहमीप्रमाणे रोमनमध्ये:

\सेट अडलेले 'सिलेक्ट पिड, युजनेम, पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड), लेफ्ट(क्वेरी, ६०) फ्रॉम पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी व्हेअर कार्डिनॅलिटी(पीजी_ब्लॉकिंग_पिड्स(पिड)) > ०;'

प्रॉम्प्टवर :अडलेले एवढं लिहून एंटर दिलं की कोण कोणामुळे थांबलं आहे याची यादी येते. कीबोर्ड सारखा बदलायचा कंटाळा असेल तर नाव रोमनमध्ये ठेवा. आज्ञा एकाच ओळीत संपायला हवी, आणि क्वेरीत एकेरी अवतरणचिन्ह आलं तर ते दोनदा लिहायचं. लांब क्वेरी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून व्हेरिएबलमध्ये तिला बोलावणं बरं: \सेट लॉक '\\आय ~/एसक्यूएल/लॉक.एसक्यूएल'. बॅकस्लॅश दोनदा, कारण अवतरणाच्या आत एक खर्ची पडतो.

बॅकस्लॅश-एकोमधल्या सूचनाही खुशाल मराठीत लिहा. प्रॉम्प्टमध्ये मात्र देवनागरी टाळलेली बरी. अनेक टर्मिनलांमध्ये मात्रांची आणि जोडाक्षरांची रुंदी नीट मोजली जात नाही आणि कर्सर चुकीच्या जागी उभा राहतो.

या फाइलमध्ये काय ठेवू नये

स्टेटमेंट_टाइमआउट किंवा फक्त-वाचनाची मर्यादा सेट आज्ञेने या फाइलमध्ये घातलेली अनेकदा दिसते. ती त्या एका जोडणीपुरतीच असते. बॅकस्लॅश-सी केलं, किंवा जोडणी तुटून पीएसक्यूएलने आपोआप परत जोडून घेतली, की नव्या सेशनमध्ये ती मर्यादा नाही, आणि तसं कुठे दिसतही नाही. अशा गोष्टी सर्व्हरवर, रोलला (म्हणजे पोस्टग्रेसमधल्या युजरला) बांधा:

अल्टर रोल अहवाल सेट डिफॉल्ट_ट्रान्झॅक्शन_रीड_ओन्ली = ऑन;
अल्टर रोल अहवाल सेट स्टेटमेंट_टाइमआउट = '३०एस';

त्या रोलच्या प्रत्येक नव्या सेशनला हे लागू होतं, मग जोडणी कुठूनही येवो. युजर स्वतः सेट देऊन हे उठवू शकतो, म्हणून खरी बंदी हवी असेल तर परवानग्याच काढाव्या लागतात. पण मुद्दाम उठवावं लागणं हीसुद्धा चांगली आडकाठी आहे.

पासवर्डही इथे नको. त्यासाठी .पीजीपास ही वेगळी फाइल आहे. तिच्यावर ०६०० परवानगी लागते. ती सैल असेल तर लिनक्सवर फाइल सरळ दुर्लक्षिली जाते.

स्क्रिप्ट आणि टीम

नवी फाइल बसवली की लगेच क्रॉनमधल्या, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या, स्क्रिप्ट तपासा. आवृत्ती ९.६पासून डॅश-सीने एखादी आज्ञा चालवतानाही .पीएसक्यूएलआरसी वाचली जाते. रात्रीची एखादी स्क्रिप्ट ओळींची संख्या काढून पुढे देत असेल, तर टायमिंगमुळे त्या आकड्याखाली वेळेची एक ओळ जास्तीची येईल आणि पुढचा हिशोब कोसळेल. पीएसक्यूएलला बोलावणाऱ्या प्रत्येक स्क्रिप्टमध्ये कॅपिटल डॅश-एक्स द्या. मग कोणतीच सुरुवातीची फाइल वाचली जात नाही. बॅकअप काढणारं पीजी_डंप मात्र ही फाइल वाचतच नाही, त्याची काळजी नको.

एकाच सर्व्हरवर लॉगिन करून सगळी टीम काम करत असेल तर प्रॉम्प्ट आणि रंगाचा भाग सामायिक फाइलमध्ये घाला. तिची जागा 'पीजी_कॉन्फिग --सिसकॉन्फडिर' ही आज्ञा सांगते. डेबियनवर ती ईटीसीमधली पोस्टग्रेएसक्यूएल-कॉमन डिरेक्टरी. तिथे टिंबाशिवाय पीएसक्यूएलआरसी नावाची फाइल ठेवा. ती आधी वाचली जाते, नंतर ज्याची त्याची वैयक्तिक फाइल, म्हणजे ज्याला बदल हवा तो करू शकतो. बसवल्यावर दोन्ही सर्व्हरांवर एकदा शिरून पाहा, बिगिन देऊन तारा येतो का पाहा, मग रोलबॅक द्या. काही खटकलं तर नुसतं बॅकस्लॅश-सेट लिहून एंटर दाबा. त्या क्षणी कोणत्या व्हेरिएबलची काय किंमत आहे याची पूर्ण यादी समोर येते, आणि चुकून स्मॉल अक्षरांत लिहिलेलं नावही तिच्यात सापडतं.